झारीतले शुक्राचार्य

दिवाळी अंकासाठी लेख हवा, असा संपादकांचा निरोप आला की मराठीच्या प्राध्यापकाने काय लिहावे हे जवळजवळ ठरलेलेच असते. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कवीची आठवण, नाहीतर कोकणातल्या आपल्या गावची दिवाळी. हे दोन्ही विषय माझे लिहून झाले आहेत. यंदा मी ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे, तिचे नाव गेल्या वैशाखापर्यंत मला धड ठाऊकही नव्हते. ती वस्तू माझ्याच मालकीच्या जागेत आठ दिवस पडून होती आणि ती गळत होती, एवढे सांगून सुरुवात करतो.

आम्ही दहिसरला, पूर्वेच्या बाजूस राहतो. पाठीशी नॅशनल पार्कचे डोंगर आहेत, त्यामुळे आम्हाला गार वारा मिळत असेल अशी दादरकडच्या नातेवाइकांची समजूत आहे. ती आम्ही दुरुस्त करत नाही. खरी गोष्ट अशी की मे महिन्यात दुपारी आमच्या अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. त्या अंगणात, शेडखाली जागा न मिळाल्यामुळे, माझी स्कूटर उभी असते. कॉलेजला सुट्टी लागली की ती महिनामहिना हलत नाही. तिच्या आसनाखालच्या डिकीत माझा रेनकोट बारा महिने असतो. पावसाळा संपला की तो धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवावा हे मला समजते. पण समजणे आणि करणे यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात बहुतेक मध्यमवर्गीय संसार चालतात.

मे महिन्याच्या अखेरीस एके संध्याकाळी आभाळ भरून आले. रेनकोट एकदा झटकून ठेवावा म्हणून मी तो वर घेऊन आलो आणि दिवाणखान्यात सोफ्यावर टाकला. तो जरा चिकट लागला. शिवाय त्याला पिकल्या आंब्याचा वास येत होता. घरात आंब्याची पेटी होती, तेव्हा वासाचे मला नवल वाटले नाही. मी हात धुतले आणि वर्तमानपत्र उघडले.

शेजारच्या वहिनींची छकुली, वय वर्षे सव्वादोन, आमच्या घरी दिवसातून दहा वेळा येते. तिला परवानगी लागत नाही. ती आली, सोफ्यावर चढली, रेनकोटाची टोपी डोक्यावर ओढून तिने 'बुवा' केला, आम्ही घाबरल्याचे नाटक केले. पुढे ती गप्प झाली. लहान मूल गप्प झाले की मोठ्या माणसाने वर पाहावे, हा साधा नियम. मी अग्रलेख संपवला आणि मग वर पाहिले. छकुली रेनकोटाच्या घडीत बोटे फिरवून ती चोखत होती.

पाव तासाने तिला उलटी झाली. मग दुसरी. तोंडातून लाळ गळू लागली, कपाळावर घाम आला आणि चेहरा पांढराफटक पडला. वहिनी म्हणाल्या, ऊन लागले असेल. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, आंबा बाधला असेल. दोघी तिला घेऊन निघाल्या, पाठोपाठ मी. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "हिने काय खाल्लं?" आम्ही तिघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तेवढ्यात मागून आमचे चिरंजीव आले. अकरावीची परीक्षा देऊन नुकतेच मोकळे झालेले, उंचीने माझ्या वर गेलेले. स्टेशनापासून धावत आल्यासारखा दम लागला होता. त्याने खिशातून एक लहानशी, बोटभर लांबीची, पारदर्शक टाकी बसवलेली वस्तू काढली, टेबलावर ठेवली आणि तो म्हणाला, "डॉक्टर, ह्यातलं गेलंय तिच्या पोटात. ह्यात निकोटीन आहे. बाटलीवर पन्नास लिहिलं होतं."

माझ्याकडे त्याने पाहिले नाही. मीही त्याच्याकडे पाहू शकलो नाही. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आणलंस ते फार बरं केलंस." आणि पुढच्या सगळ्या हालचाली भराभर झाल्या. बोटे, तोंड, हात साबणपाण्याने धुतले, फ्रॉक काढून पिशवीत बांधला, रात्रभर नजरेखाली ठेवले. सकाळी छकुलीने दूध मागितले आणि नर्सबाईंना 'बुवा' करून दाखवला. वहिनींनी आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्यांनी बोलायला हवे होते असे मला अजूनही वाटते.

त्या रात्री रुग्णालयाच्या जिन्यात आम्ही बापलेक बसलो होतो. रागावण्यासारखे पुष्कळ होते आणि मी रागावलोही. ते सगळे इथे सांगत नाही, प्रत्येक घरात ते साधारण त्याच शब्दांत होते. वस्तू मित्राची, सांभाळायला दिलेली, हे पहिले अर्धसत्य अर्ध्या तासात विरघळले. वस्तू त्याचीच होती. घरात सापडेल म्हणून त्याने ती माझ्याच डिकीत, रेनकोटाच्या घडीत ठेवली होती; कारण पावसाळ्यापर्यंत बाबा तिथे हात घालत नाहीत हे त्याला ठाऊक होते. मुले आपला किती बारकाईने अभ्यास करतात! नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "पण बाबा, मी ती घट्ट बंद केली होती. अर्धीच भरलेली होती. एरवी कधी गळली नाही. मग उन्हात ठेवल्यावरच का गळली?"

प्रश्न पदार्थविज्ञानाचा होता आणि मी मराठीचा. पण उत्तर मला येत होते. पाचवीत असताना ते माझ्या सदऱ्याच्या खिशावर निळ्या अक्षरांत लिहिले गेले होते.

माझ्या पिढीने शाळेत शाईपेन वापरले. दौत, ड्रॉपर, बोटांना कायमचा निळा रंग, आणि डाग पडला तर टिपायला खडूचा तुकडा. शाई बहुधा 'कॅमल'ची. गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या त्या कारखान्याने महाराष्ट्रातल्या किती सदऱ्यांचे खिसे रंगवले याची गणती नसेल. ते पेन म्हणजे एक पोकळ नळी. तिच्यात ड्रॉपरने शाई भरायची, वर निब आणि निबेखाली काळी, खाचा पाडलेली पट्टी. आम्ही तिला जीभ म्हणत असू. त्या पेनाची एक खोड अशी होती की काठोकाठ भरलेले असताना ते शहाण्यासारखे वागे आणि शाई संपत आली की ओकू लागे. संपत आलेली शाई जास्त गळते, हे आम्हाला अगदी अन्यायाचे वाटे. परीक्षेच्या वेळी तर हटकून. मास्तर म्हणत, "पेन पूर्ण भरून आणा, नाहीतर रिकामं आणा. अर्धवट माणूस आणि अर्धवट पेन, दोन्हींचा भरवसा नाही." मास्तरांनी कारण सांगितले नाही. कारण मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले.

बलिप्रतिपदा तोंडावर आली आहे, म्हणून बळीराजाच्याच गोष्टीचा दाखला घेतो. वामनाला दान देण्यासाठी बळीने हातावर पाणी सोडायला झारी उचलली, तेव्हा ते दान होऊ नये म्हणून गुरू शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि पाणी अडले. वामनाने दर्भाची काडी तोटीत खुपसली, शुक्राचार्यांचा एक डोळा गेला, पाणी वाहू लागले. आपण 'झारीतले शुक्राचार्य' म्हणतो तेव्हा आडकाठी करणारा घरभेदी आपल्या मनात असतो. पण शाईपेनात असा एक शुक्राचार्य बसलेला असतो आणि तो आपला उपकारकर्ता आहे. तो दिसत नाही, कारण तो म्हणजे केवळ एक उणीव आहे.

शरबताच्या नळीच्या वरच्या तोंडावर बोट दाबून ती उचलून पाहा. खालचे तोंड उघडे असूनही शरबत पडत नाही. नळीत वर अडकलेली हवा किंचित ताणली जाते, तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरासा कमी होतो, आणि बाहेरची हवा खालून शरबताला वर रेटून धरते. पेनात हेच. शाईच्या वर जी हवा असते ती जरा विरळ असते. त्या विरळपणाच्या जोरावर शाई अधांतरी थांबते. निब कागदावर टेकली की थोडी शाई उतरते, वरची हवा अधिक ताणली जाते, आणि मग जिभेच्या खाचेतून एक बारीक बुडबुडा आत शिरून तोल पुन्हा साधतो. १८८४ साली अमेरिकेत लुइस वॉटरमन यांना ज्या पेनाचे पेटंट मिळाले, त्यातली खरी करामत ही शाई-हवेची देवघेव सांभाळणारी जीभ होती.

आता या शुक्राचार्याच्या डोळ्यात दर्भाची काडी कोण खुपसते? ऊन. हवा तापली की फुगते. आपल्या रोजच्या तापमानाच्या आसपास ती दर अंशामागे साधारण तीनशेव्या हिश्शाने फुगते. खिशातल्या पेनाला छातीची ऊब लागली, हवा आठ-दहा अंशांनी तापली, की फुगलेल्या हवेला जागा हवी. ती शाईला ढकलते आणि शाईला वाट एकच, निबेची. पेन भरलेले असेल तर फुगायला हवाच नाही. संपत आलेले असेल तर नळीभर हवा, आणि तिच्या ढकलण्याला थेंबभर शाई सहज बळी पडते. मास्तरांचा अर्धवट माणसाविषयीचा सिद्धान्त तपासायला मला साधन नाही. पेनाविषयीचा तंतोतंत खरा आहे.

चिरंजीवांची वस्तू म्हणजे, थोडा फरक सोडला तर, शाईपेनच. तळाशी विजेची बॅटरी, वर दोनएक मिलिलिटरची टाकी, टाकीच्या मधून धुराड्यासारखी नळी. नळीच्या बुडाशी तारेचे एक वेटोळे आणि त्याला वेढून कापूस. टाकीला बारीक भोके असतात, त्यांतून कापूस द्रव पितो. तार तापली की त्या द्रवाची वाफ होते आणि ती माणूस ओढतो. शाईऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यांत निकोटीन, वर आंब्याचा नाहीतर स्ट्रॉबेरीचा वास. निबेच्या जागी कापूस. द्रव सांडू नये म्हणून इथेही तोच अदृश्य शुक्राचार्य नेमलेला, टाकीतल्या द्रवाच्या वर.

मात्र उन्हात या टाकीवर दुहेरी संकट येते. हवा फुगते ते एक. आणि द्रवच पातळ होतो ते दुसरे. वीस अंशांना ग्लिसरीन मधासारखे दाट असते, चाळीस अंशांना त्याचा दाटपणा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. थंडीत गोठलेले खोबरेल आणि उन्हाळ्यातले खोबरेल ज्याने पाहिले आहे त्याला निराळे उदाहरण नको. दाट द्रव कापसात रेंगाळतो, पातळ झाला की कापूस त्याला धरू शकत नाही. मग तो मधल्या नळीत उतरतो. काही तळाच्या हवेच्या भोकांतून बाहेर पडतो, काही वर ओढणाऱ्याच्या तोंडात येतो.

जिन्यात बसून मी एका औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. रात्री डिकीत २८ अंश असतील, भर दुपारी ५५ धरू. फरक २७ अंशांचा, म्हणजे हवा नऊ टक्के फुगणार. टाकी दोन मिलिलिटरची, अर्धी रिकामी, म्हणजे आत एक मिलिलिटर हवा. पहिल्या दुपारी तिने ०.०९ मिलिलिटर, म्हणजे दोनएक थेंब, बाहेर ढकलले. रात्री गार पडल्यावर हवा आकसली. पण बाहेर गेलेला थेंब आत परतणार कुठून? तो रेनकोटाने पिऊन टाकलेला. त्याच्या जागी आत शिरली बाहेरची हवा. म्हणजे दुसऱ्या दिवशी फुगायला हवा अधिक आणि ढकललेला द्रवही अधिक. पोस्टात पैसे ठेवणाऱ्या वाचकांच्या एव्हाना ध्यानात आले असेल: हे चक्रवाढ व्याज आहे. नऊ टक्क्यांनी मुद्दल आठ वर्षांत दुप्पट होते. टाकीतली हवा आठ दिवसांत दुप्पट झाली, एकाचे दोन मिलिलिटर. आणि टाकीच दोनची. म्हणजे आठव्या दिवशी टाकी रिकामी.

"किती दिवस होती ती तिथे?" मी विचारले.

"आठ," तो म्हणाला.

पुढे स्टाफरूममध्ये मी तो कागद पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला आणि मराठीच्या माणसाला इतके यावे हे बरे नव्हे, असा शेरा दिला.

या हिशेबाची दुसरी बाजू मला त्या रात्री झोपू देईना. बाटलीवर पन्नास होते, म्हणजे एका मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम निकोटीन. युरोपात या द्रवाला वीसची मर्यादा आहे आणि टाकीला दोन मिलिलिटरची. चोरून विकल्या जाणाऱ्या मालाला मर्यादा कसली? एक सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात साधारण एक-दीड मिलिग्रॅम निकोटीन जाते. माझ्या रेनकोटावर पन्नास मिलिग्रॅम सांडले होते, आंब्याच्या वासाचे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये असाच द्रव पोटात जाऊन एक तान्हे मूल दगावले. त्यानंतर तेथे अशा बाटल्यांना मुलांना उघडता न येणारी झाकणे सक्तीची करणारा कायदा झाला. बाटलीला झाकण सक्तीचे करता येते. रेनकोटाला काय करणार?

निकोटीन हे नाव पडले झ्याँ निको या फ्रेंच राजदूतावरून. त्याने १५६०च्या सुमारास पोर्तुगालहून फ्रान्सच्या दरबारी तंबाखू धाडली. १८२८ साली जर्मनीत ते पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि त्याचा एक मोठा उपयोग पुढे झाला तो पिकांवरची कीड मारण्यासाठी. आपल्याकडे तंबाखूचे पाणी करून झाडांवर शिंपडणारी आजी बहुतेकांनी पाहिली असेल. ते कातडीतूनही अंगात भिनते, ही गोष्ट मात्र शहरातल्या आपल्या लोकांना ठाऊक नसते. निपाणीकडचा तंबाखूचा मुलूख आपल्या मराठी सरहद्दीवरचा; तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तेथे झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन अनेकांना आठवत असेल. तंबाखूच्या ओल्या, दवाने भिजलेल्या पानांशी दिवसभर काम केले की मळमळ, उलट्या, चक्कर, घाम असा त्रास होतो. तो हिरव्या तंबाखूचा आजार म्हणून वैद्यकात नोंदलेला आहे. तोंडाला तंबाखू न लावताही होणारा. छकुलीची लक्षणे वाचत गेलो तेव्हा ती शब्दशः हीच होती.

म्हणून ज्यांच्या घरी ही वस्तू आहे, आणि ज्यांना ती आहे हे ठाऊक नाही, अशा दोन्ही प्रकारच्या घरांसाठी सांगतो. खिशाला, दप्तराला, गादीखाली, डिकीत चिकट डाग आढळला, त्याला फळाचा किंवा पुदिन्याचा वास आला आणि तेथे फळ नसेल, तर उघड्या बोटांनी तो पुसू नका. हातमोजा नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधून कपडा उचला आणि वेगळा धुवा. कातडीला लागले असेल तर भरपूर साबणपाणी. पोटात गेले असेल तर ओकारी काढायला मिठाचे पाणी वगैरे देण्याच्या फंदात न पडता मूल आणि ती वस्तू, दोन्ही घेऊन डॉक्टर गाठा.

आता गळती थांबवावी कशी? हे विचारण्यासाठी मी माझ्या भाच्याला फोन केला. तो इंग्लंडात लेस्टरला असतो. रोज पंधरा सिगारेटी ओढत असे. त्या सोडण्यासाठी तेथल्या सरकारी दवाखान्याच्याच सल्ल्याने तो दोन वर्षांपूर्वी या यंत्राकडे वळला. तेथे प्रौढांना ते कायद्याने मिळते. फक्त एकदा वापरून टाकून देण्याची यंत्रे १ जून २०२५ पासून बंद झाली. मामाने हा प्रश्न विचारावा याचे त्याला आधी हसू आले, मग कारण ऐकल्यावर तो गंभीर झाला.

त्याने सांगितले ते असे. टाकी उभी ठेवायची, तोंड वर. आडवी पडली की द्रव मधल्या नळीच्या भोकांवर बसतो. बाहेर उन्हात निघताना ती पूर्ण भरायची किंवा पूर्ण रिकामी करायची. (मास्तरांची आठवण झाली.) उन्हाळ्यात ग्लिसरीनचे प्रमाण अधिक असलेला दाट द्रव घालायचा. सांध्यातली रबराची चकती चिरली असेल तर बदलायची, आणि झाकण फार आवळायचे नाही. आवळण्याने चकती वाकडी होते आणि नेमकी तिथून वाट होते. कापूस जुना झाला की ढिला पडतो, तो वेळेवर बदलायचा. हवेची भोके बंद करण्याची कडी असेल तर खिशात ठेवताना ती फिरवायची. विमानात टाकी रिकामी, कारण वर हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा चौथाईने कमी होतो आणि आतली हवा तिसऱ्या हिश्शाने फुगते. तिथे आपले नऊ टक्के म्हणजे काहीच नव्हे. आणि उभ्या मोटारीत तर मुळीच ठेवायची नाही. उन्हात बंद मोटार तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस-बावीस अंशांनी तापते. त्यात बॅटरीचीही धास्ती असते.

"एवढं सगळं केलं की गळत नाही?" मी विचारले.

"कमी गळते, मामा," तो म्हणाला. "१९ जुलै २०२२ ला इथे पहिल्यांदाच पारा चाळिसाच्या वर गेला होता. त्या दिवशी माझ्या ऑफिसात ज्याच्या ज्याच्या खिशात हे यंत्र होतं, त्याचा त्याचा खिसा ओला होता. मी तेव्हा सिगारेट ओढत होतो, त्यामुळे हसत होतो."

हे उत्तर मला प्रामाणिक वाटले. या टाकीला भोक असल्यावाचून तिचे कामच होत नाही. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधता येतो, कारण बरणीने आपल्याला वाफ पुरवायची नसते. उघड्या भोकाची वस्तू गळू नये म्हणून एका विरळ हवेच्या भरवशावर राहायचे, आणि तीही अशा गावात जिथे उन्हाळा चार महिने आणि ऑक्टोबर वेगळा! अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी बिनधुराच्या सिगारेटीचे पेटंट १९६३ साली मागितले, चीनमध्ये होन लिक या औषधशास्त्रज्ञाने आजचे यंत्र २००३ च्या सुमारास घडवले. दहिसरच्या उन्हात उभी असलेली स्कूटर या दोघांच्याही डोळ्यांपुढे असण्याचे कारण नव्हते.

भाच्याच्या सूचना मी छापतो आहे त्या परदेशी असलेल्या आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्या आपल्या मुलांसाठी. येथे प्रश्न निराळा आहे. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांना बंदी आहे. यांतली साठवण सोडली तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही माझ्या मुलाला ती क्लासच्या वाटेवर मिळाली. कुठे, ते त्याने मला सांगितले. मी ते जिथे सांगायचे तिथे सांगितले आहे.

बंदीमुळे एक विचित्र गोष्ट होते, ती एक बाप म्हणून नोंदवतो. दुकानात राजरोस मिळणारी वस्तू मूल टेबलावर ठेवते. चोरून मिळालेली वस्तू ते लपवते, आणि लपवायच्या जागा घरात सगळ्यात उबदार असतात. गादीखाली, कपाटाच्या माथ्यावर, गच्चीच्या पत्र्याखाली, डिकीत. म्हणजे जिथे ती हटकून गळेल तिथेच ती ठेवली जाते. बंदी उठवावी असे माझे म्हणणे नाही. छकुलीला पाहिल्यावर ते माझ्या तोंडून निघणार नाही. पण बंदी आहे म्हणून आपल्या घरी ही वस्तू नाही, असे समजणारा मीही होतो.

सोडणे सोपे गेले नाही. पहिले तीन आठवडे घरात कुणी कपबशी वाजवली तरी चिरंजीव चिडत. सौभाग्यवतींनी त्या दिवसांत बोलणे कमी आणि थालीपीठ जास्त असे धोरण ठेवले. तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक छापलेला असतो. पान खाणारे आमचे वडील आयुष्यभर पाकिटे उलटीसुलटी करत, पण तेव्हा त्यावर असा क्रमांक नव्हता. आम्ही तो लावला. पलीकडून बोलणाऱ्या बाईंनी मुलाशी परक्या मोठ्या माणसाने बोलावे तसे बोलणे केले. मला जमले नव्हते ते. यंत्र आम्ही विजेच्या जुन्या वस्तू घेणाऱ्या एका केंद्रात, आत बॅटरी असल्याचे सांगून, देऊन आलो. रेनकोट फेकून नवा घेतला. तो कपाटात असतो.

गेल्या ऑक्टोबरच्या उन्हात त्याने माझे जुने ड्रॉपरचे पेन मागून घेतले. अर्धे भरले, निब खाली करून एका टीपकागदाच्या गुंडाळीत बसवले आणि माझ्या परवानगीने डिकीत ठेवले. रोज संध्याकाळी तो टीपकागद बदलायचा आणि त्यावर तारीख घालायचा. माझ्या हिशेबाप्रमाणे पेन आठव्या दिवशी रिकामे व्हायला हवे होते. ते पाचव्या दिवशीच कोरडे पडले. पाचही कागद त्याने माझ्या टेबलावर ओळीने मांडले; निळे डाग एकापेक्षा एक मोठे, शेवटचा तर बशीएवढा.

"तुमचं व्याज बरोबर होतं, बाबा," तो म्हणाला. "पण तुम्ही रोज त्याच स्कूटरवरून कॉलेजला जात होता. खड्डे धरले नव्हते तुम्ही."

तेवढ्यात दार ढकलून छकुली आत आली आणि तिने त्या निळ्या कागदांकडे थेट हात केला. त्याने ते पाचही कागद एका झटक्यात उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवले, तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले, आणि मग तिला उचलून घेतले.